मागील आवृत्तीचें शुद्धिपत्र

एखाद्या ग्रंथाची चौथी आवृत्ति छापून बाहेर पडल्यावर तींत एक घातक चूक आढळली, तर प्रकाशक शुद्धिपत्र काढतो. पृष्ठ ११२, ओळ ७. अमुक शब्दाऐवजीं तमुक शब्द वाचावा. चौथी आवृत्ति ज्याच्या घरीं आहे त्याचें काम दोन मिनिटांत होतें. पण ज्याच्या कपाटांत दुसरी आवृत्ति आहे त्यानें काय करावें? त्याच्या प्रतींत ११२ व्या पृष्ठावर निराळेंच प्रकरण चालूं असतें. ती चूक त्याच्याहि प्रतींत आहे. पण ती ९६ व्या पृष्ठावर आहे, वाक्याची रचना थोडी वेगळी आहे, आणि शुद्धिपत्रानें ज्या तळटीपेचा हवाला दिला आहे ती तळटीप दुसऱ्या आवृत्तींत मुळीं नाहींच. शुद्धिपत्र जसेंच्या तसें चिकटवितां येत नाहीं आणि टाकूनहि देतां येत नाहीं. ग्रंथ औषधयोजनेचा असला, तर त्या एका शब्दानें रोगी दगावावयाचा.

संगणकांच्या जगांत मागील आवृत्तींसाठीं अशीं शुद्धिपत्रें नव्यानें लिहिण्याचें काम रोज चालू आहे. त्यास बॅकपोर्ट करणें, म्हणजे दुरुस्ती मागें नेणें, असें म्हणतात. हें काम करणारांचीं नांवें क्वचितच कोणाच्या कानीं पडतात. तथापि पेढ्यांचे व्यवहार, रुग्णालयांतील उपकरणें आणि खिशांतील फोन हीं त्यांच्या दक्षतेवर किती अवलंबून असतात, हें एका खऱ्या प्रसंगावरून दिसून येईल. त्यापूर्वीं थोडी पार्श्वभूमि सांगणें अवश्य आहे.

संगणक सुरू झाला म्हणजे त्याच्या साऱ्या कारभाराचीं सूत्रें ज्या मूळ आज्ञावलीच्या हातीं जातात, तिला कर्नल, म्हणजे गाभा, असें नांव आहे. स्मृतीची वांटणी करणें, कोणतें काम केव्हां चालवावयाचें तें ठरविणें, तारेवरून अथवा बिनतारी मार्गानें आलेले संदेश घेणें व धाडणें, हीं सर्व कामें गाभा करतो. लिनक्स हा असाच एक गाभा. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं त्याचा आरंभ केला. आज जगांतील पुष्कळसे सर्व्हर, अँड्रॉइड जातीचे फोन आणि घरोघरचे असंख्य राउटर त्याच्यावरच चालतात. दर नऊ-दहा आठवड्यांनीं त्याची नवी आवृत्ति निघते.

मग प्रत्येकानें नवीच आवृत्ति कां घेऊं नये, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असें कीं, पेढीचा हिशेब, कारखान्यांतील यंत्राची देखरेख किंवा रोग्याची तपासणी करणारें उपकरण यांची कसोटी एका विशिष्ट गाभ्यावर लागलेली असते. नव्या आवृत्तींत हजारों बदल असतात. त्यांपैकीं एकानें जरी एखादें जुनें उपकरण अडलें, तरी सबंध कसोटी पुनः घ्यावी लागते. फोनच्या बाबतींत तर कारखानदारानें आपल्या चिपांसाठीं लिहिलेले भाग एका ठराविक आवृत्तीलाच जोडलेले असतात. अशा लोकांना नवें घर नको असतें. राहत्या घराची गळती थांबावी, एवढेंच हवें असतें.

ही गरज ओळखून मार्च २००५ मध्यें ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि क्रिस राइट या दोघांनीं स्थिर आवृत्तींची प्रथा पाडली. २.६.११ नंतर निघालेली २.६.११.१ ही त्या परंपरेंतील पहिली. तींत नवें कांहीं नाहीं, केवळ दोषांचें निवारण आहे, हाच तिचा बाणा. पुढें कांहीं निवडक आवृत्तींना कित्येक वर्षें असा आधार देण्याचा प्रघात पडला. या प्रथेचे नियम थोडे, पण कडक आहेत. दुरुस्ती शंभर ओळींहून मोठी नसावी. ती उघड उघड बरोबर असावी व तिची चांचणी झालेली असावी. तिनें खराखुरा दोष घालवावा, काल्पनिक नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ती आधीं टोरव्हाल्ड्स यांच्या मुख्य प्रवाहांत दाखल झालेली असावी.

या शेवटच्या नियमाचें मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. दोष जुन्या आवृत्तींत दुरुस्त केला आणि नव्या आवृत्तींत तसाच राहूं दिला, तर जुनी सोडून नवी घेणाऱ्याला बरा झालेला रोग पुनः जडेल. म्हणून या व्यवहारांत पाणी वरून खालींच वाहिलें पाहिजे, असा दंडक आहे. शिवाय, मुळांत कोणत्या बदलामुळें दोष शिरला, त्या बदलाचा ओळखक्रमांक दुरुस्तीच्या मजकुरांत नोंदण्याची रीत आहे. त्यावरून, मागें जातां जातां कोणत्या आवृत्तीपाशीं थांबावयाचें तें कळतें. ज्या आवृत्तींत दोषच शिरला नव्हता तिला दुरुस्तीचीहि गरज नाहीं. उलट तशी दुरुस्ती तेथें लावणें हाच नवा दोष होतो.

गाभ्याच्या सर्व भागांत संदेशांची ने-आण करणाऱ्या, म्हणजे जाळ्याच्या, भागाची गोष्ट विशेष नाजूक आहे. माजघरांतील फळी मोडली तर घरच्यांनाच ठेंच लागते. रस्त्याकडील दाराची कडी मोडली तर वाटेनें जाणारा कोणीहि आंत येऊं शकतो. या भागाचे प्रमुख डेव्हिड मिलर हे अनेक वर्षें जुन्या आवृत्तींसाठींच्या दुरुस्त्या स्वतः निवडून, आपल्या यादींत जमवून, मगच पुढें धाडीत असत. इतर भागांत अशी रीत नव्हती. पुढें ही वेगळी रीत बंद झाली आणि जाळ्याच्या दुरुस्त्याहि सामान्य मार्गानेंच जाऊं लागल्या. पण इतकीं वर्षें त्या भागानें ती वेगळी चाल पाळली, यावरूनच त्यांतील जोखमीची कल्पना येते.

आतां तो प्रसंग. इंटरनेटवर मोठा मजकूर एकसंध जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होऊन जातात. प्रत्येक तुकड्याची पोच परत यावयाची, आणि ज्याची पोच आली नाहीं तो तुकडा पुनः धाडावयाचा, या व्यवस्थेस टीसीपी म्हणतात. आरंभीं पोच म्हणजे "येथवर सर्व मिळालें" एवढेंच सांगतां येई. अकरावा तुकडा गहाळ झाला आणि पुढचे वीस सुखरूप पोंचले, तरी त्या विसांची पोच देण्याची सोय नव्हती. ऑक्टोबर १९९६ मध्यें निवडक पोंचेची पद्धति ठरविण्यांत आली: अकरावा मिळाला नाहीं, पण बारा ते एकतीस मिळाले. तिला थोडक्यांत सॅक म्हणतात. तिच्यामुळें एका तुकड्यासाठीं वीस तुकडे पुनः धाडण्याचा त्रास वांचला.

पोच न आलेला माल पाठविणाऱ्या यंत्राचा गाभा गठ्ठ्यांत बांधून जपून ठेवतो. मार्च २००९ मध्यें निघालेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून त्यांत एक सुधारणा झाली. निवडक पोच येतांच, पोच मिळालेले लगतचे गठ्ठे एकत्र बांधावयाचे, म्हणजे यादी आटोपशीर राहते. हेतु उत्तम होता. परंतु एका गठ्ठ्यांत किती तुकडे आहेत याची गणती ज्या खान्यांत ठेवली होती, त्यांत ६५,५३५ पेक्षां मोठा आंकडा मावत नव्हता. नेहमींच्या व्यवहारांत तेथवर कोणी पोंचतच नसे. तथापि तुकडा केवढा असावा हें पलीकडचें यंत्र सांगत असतें, आणि लिनक्सचा गाभा ४८ बाइटांपर्यंतचें लहान माप मान्य करीत असे. त्यांतील ४० बाइट वरच्या नोंदींत खर्ची पडले, तर खरा माल उरतो अवघा ८ बाइटांचा. उलट बाजूस, एका गठ्ठ्यांत जास्तींत जास्त १७ भाग मावतात, आणि नेहमींच्या संगणकांवर एकेक भाग ३२ किलोबाइटांचा असूं शकतो. म्हणजे ५,५७,०५६ बाइट. त्यांस ८ नें भागलें कीं ६९,६३२ तुकडे होतात. खान्याची मर्यादा ओलांडली गेली. पांच आंकड्यांचा मीटर ९९,९९९ च्या पुढें जातांच शून्यावर यावा, तशी ही गणती उलटे. हिशेब जुळत नाहीं असें दिसतांच, चुकीच्या हिशेबावर पुढें जाण्यापेक्षां थांबणें बरें, या न्यायानें गाभा सबंध यंत्र बंद पाडी.

याचा अर्थ असा कीं, दूर देशीं बसलेल्या कोणाहि माणसानें मुद्दाम लहान माप सांगून ठराविक क्रमानें पोंचा धाडल्या, तर समोरचा सर्व्हर जागच्या जागीं बंद पडे. त्यासाठीं परवलीचा शब्द नको, आंत शिरकाव नको. पोच घेणें हें ज्याचें नित्याचें काम, त्याला पोंचेनेंच घायाळ करण्याचा हा प्रकार होता. नेटफ्लिक्स कंपनींतील जोनाथन लूनी यांनीं हा दोष शोधून काढला आणि १७ जून २०१९ रोजीं तो जाहीर झाला. तोंवर दहा वर्षें तो गाभ्यांत निजून होता, आणि या दहा वर्षांत निघालेल्या आवृत्ति जगभर लक्षावधि यंत्रांत जाऊन बसल्या होत्या.

गूगलमधील एरिक ड्युमाझे यांनीं लिहिलेली दुरुस्ती फार साधी होती. गठ्ठे एकत्र बांधण्यापूर्वीं बेरीज मर्यादेबाहेर जाते कीं काय तें पाहावें. जात असल्यास बांधूं नये. जाहीर होण्याच्या दिवशींच ती एकाच वेळीं पांच आवृत्तींत उपलब्ध करण्यांत आली: ५.१.११, ४.१९.५२, ४.१४.१२७, ४.९.१८२ आणि ४.४.१८२. या आंकड्यांतील शेवटचा भाग बोलका आहे. ४.४ ही आवृत्ति जानेवारी २०१६ मधील. साडेतीन वर्षांत तिचें हें १८२ वें शुद्धिपत्र होतें. ज्यांना त्या दिवशीं गाभा बदलणें शक्य नव्हतें त्यांच्यासाठीं तात्पुरते उपायहि सांगण्यांत आले: निवडक पोंचेची सोय कांहीं काळ बंद ठेवावी, किंवा फार लहान माप सांगणाऱ्यास वेशीवरच अडवावें. पहिल्या उपायानें वेग मंदावतो आणि दुसऱ्यानें क्वचित् एखादा सज्जनहि अडतो. पण दार उघडें राहण्यापेक्षां तें बरें.

येथवरची हकीकत यशाची झाली. या कामाचें खरें स्वरूप मात्र तिच्या उत्तरार्धांत दिसतें. त्याच दिवशीं आणखी एक दुरुस्ती निघाली होती. गठ्ठ्यांचे फार बारीक तुकडे पाडावयास लावून हल्ला करणारा यंत्राची शक्ति व स्मृति खाऊन टाकूं शके. तें टाळण्यासाठीं, गठ्ठा फोडण्यापूर्वीं स्मृतीचा खर्च तपासावा, असें ठरलें. ही मर्यादा फार कडक निघाली. ज्या आज्ञावली पाठवणीसाठीं मुद्दामच थोडी जागा मागून घेत असत, त्यांची प्रामाणिक वाहतूक अडूं लागली. कांहीं दिवसांतच नियम सैल करावा लागला. आणि जुलैमध्यें तो अधिक काळजीपूर्वक लिहितांना, पाठविलेल्या पण पोच न आलेल्या रांगेंतील पहिल्या व शेवटच्या गठ्ठ्यास सूट देण्यांत आली.

नव्या आवृत्तींत ही सूट देणें सोपें होतें. जानेवारी २०१८ मध्यें निघालेल्या ४.१५ या आवृत्तीपासून, पाठविलेल्या गठ्ठ्यांची रांग आणि अजून पाठवावयाच्या गठ्ठ्यांची रांग या दोन स्वतंत्र ठेवलेल्या आहेत. पहिल्या रांगेंतील शेवटचा कोण, असें विचारतांच उत्तर मिळतें. ४.१४ आणि तिच्या आधींच्या आवृत्तींत मात्र सर्व गठ्ठे एकाच रांगेंत उभे असत. कोठवर पाठविलें तें दाखविणारी एक खूण मध्यें असे. तेथें शेवटचा पाठविलेला गठ्ठा शोधावयाचा तर त्या खुणेपासून एक पाऊल मागें जावें लागे. दुरुस्ती मागें नेतांना तसेंच लिहिलें गेलें, आणि बहुतेक वेळीं तें बरोबरहि होतें. पण पाठविलेलें असें कांहींच नसेल आणि खूण रांगेच्या तोंडाशींच असेल, तर मागें पाऊल टाकावयास जागाच उरत नाहीं. अशा प्रसंगीं गाभ्याची तपासणी पुनः यंत्र बंद पाडूं लागली. यंत्र बंद पडूं नये म्हणून योजलेल्या उपायांच्या मालिकेंतूनच यंत्र बंद पडण्याचें नवें कारण जन्मास आलें, आणि तेंहि केवळ जुन्या आवृत्तींत. रांग रिकामी आहे काय हें आधीं पाहावें, अशी पुरवणी-दुरुस्ती मग त्या आवृत्तींपुरती स्वतंत्रपणें करावी लागली. वरून खालीं वाहण्याच्या दंडकाला हा अपवाद होता. कारण हा दोष वर कधीं नव्हताच.

या हकीकतींत कोणी आळशी नव्हता आणि कोणी अडाणीहि नव्हता. बोध आहे तो निराळाच आहे. दुरुस्ती मागें नेतांना तीन प्रसंग संभवतात. कधीं ती जुन्या मजकुरांत तंतोतंत बसते आणि तिचा अर्थहि तोच राहतो. तेथें काम सुखाचें. कधीं ती बसतच नाहीं. ओळी जुळत नाहींत, नांवें सांपडत नाहींत, आणि यंत्रच आरडाओरड करून तें सांगतें. येथें कष्ट पडतात, पण फसगत होत नाहीं. तिसरा प्रसंग कठीण. शब्द बसतात, यंत्र तक्रार करीत नाहीं, परंतु जुन्या घरांत त्याच शब्दांचा अर्थ थोडा वेगळा असतो. ज्या कुलुपाखालीं एखादें काम नव्या आवृत्तींत चालतें, तें कुलूप जुन्या आवृत्तींत लावलेलेंच नसतें. किंवा ज्या रांगेस नव्यांत स्वतंत्र अस्तित्व आहे, ती जुन्यांत दुसऱ्या रांगेचा एक भाग असते. म्हणून मागें नेणाऱ्यास दोन्ही आवृत्ति सारख्याच जिव्हाळ्यानें ठाऊक असाव्या लागतात. दुरुस्ती काय म्हणते एवढ्यानें भागत नाहीं. ती कशाला गृहीत धरते, हें पाहावें लागतें.

यावरून आणखी एक व्यावहारिक गोष्ट लक्षांत येते. गाभ्याचा क्रमांक जुना दिसला म्हणजे यंत्र असुरक्षितच असावें, हा तर्क बरोबर नाहीं. रेड हॅट या कंपनीनें जून २०१४ मध्यें काढलेल्या सातव्या आवृत्तीचा गाभा ३.१० या क्रमांकावर उभा होता, आणि जून २०२४ मध्यें तिची नेहमींची मुदत संपेपर्यंत तो क्रमांक तसाच राहिला. पण त्या नांवाच्या आड दहा वर्षांत असंख्य दुरुस्त्या मागें आणून बसविल्या गेल्या. उलट, क्रमांक त्या मानानें नवा असून ज्याला कोणी शुद्धिपत्र देत नाहीं, असें यंत्र अधिक धोक्याचें. वय नव्हे, तर देखरेख चालू आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

आणि देखरेख फुकट होत नाहीं. मूळ प्रवाह जसजसा पुढें जातो तसतसें जुन्या आवृत्तीपासूनचें अंतर वाढतें, आणि प्रत्येक दुरुस्ती मागें आणावयास अधिक श्रम पडतात. ४.४ ची सार्वजनिक देखरेख सहा वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२२ मध्यें, ४.४.३०२ या आंकड्यावर थांबली. वीज, वाहतूक यांसारख्या कामांतील यंत्रें मात्र सहा वर्षांत बदलत नाहींत. त्यांचें आयुष्य दशकांनीं मोजतात. त्यांच्यासाठीं २०१६ मध्यें स्थापन झालेल्या सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म या उद्योगसमूहानें तीच आवृत्ति पुढें सांभाळण्याची जबाबदारी पत्करली. दुसरीकडे, २०२३ मध्यें गाभ्याच्या देखरेखकारांच्या बाजूनें असें सांगण्यांत आलें कीं, दीर्घ मुदत सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचा विचार आहे. कारण फार जुन्या आवृत्ति वापरणारे थोडे आणि राबणारे त्याहून थोडे. दोन्ही बाजूंस तथ्य आहे. जो जुनें वापरतो त्याला स्थैर्य हवें. जो तें सांभाळतो त्याच्या हातांना मर्यादा आहेत. हें ओझें कोणी उचलावयाचें याचा निकाल अजून पुरता लागलेला नाहीं.

सामान्य कुटुंबानें यांतून घ्यावयाचें तें इतकेंच. घरांतील फोन अथवा राउटर विकत घेतांना त्याचा वेग आणि किंमत जशी विचारतात, तसेंच किती वर्षें त्याला दुरुस्त्या मिळत राहतील, हेंहि विचारावें. दुरुस्ती आल्याची सूचना दिसली तर ती उद्यांवर टाकूं नये. त्या चार ओळींमागें कोणी तरी दोन आवृत्ति शेजारीं ठेवून रात्रीं जागविलेल्या असतात. आणि ज्या यंत्राचीं शुद्धिपत्रें निघणें थांबलें आहे, तें कितीहि चांगलें चालत असलें, तरी रस्त्याकडील दाराशीं त्याला पहारेकरी म्हणून ठेवूं नये.

नवें निर्माण करणाऱ्याचा गौरव सर्वत्र होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु जें आधींच लोकांच्या हातीं गेलें आहे, ज्याच्यावर त्यांचे व्यवहार उभे आहेत, तें न हलवितां, न मोडतां, गुपचूप सुधारीत राहणें ही विद्या कमी प्रतीची नव्हे. नवी आवृत्ति काढणाऱ्यास पुढें काय असावें हें कळलें म्हणजे पुरतें. मागील आवृत्तीचें शुद्धिपत्र लिहिणाऱ्यास पूर्वीं काय होतें आणि तें तसें कां होतें, हेंहि जाणावें लागतें.